‘तिना नवरा कोठे गया मंग?’

वैशाखातल्या धुळ्यात दुपारचा पारा ४४ अंशांच्या आसपास रेंगाळत असताना धडधाकट माणूसही घराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि माझा तर घोटा मोडून पाय प्लास्टरमध्ये होता. शाळेला उन्हाळी सुटी लागली होती, कूलरच्या टाकीत पाणी भरायचे कामही दुसऱ्याकडे गेले होते आणि गच्चीवर बिबड्या-कुरडयांचे वाळवण माझ्याविना चालले होते. अशा सक्तीच्या विश्रांतीत काहीतरी सात्त्विक ऐकावे, असे भेटायला येणाऱ्यांपैकी बहुतेकींचे मत पडले. मी मात्र खऱ्या गुन्ह्यांवरच्या माहितीपट-मालिका लावल्या, आणि त्यातही अशा, की ज्यांतला गुन्हा पैशासाठी किंवा शेताच्या बांधासाठी घडलेला नाही; ज्यांची हकिगत कोणी तोंडी सांगितली असती तर ‘थापा मारू नकोस’ म्हणून आपण त्याला उडवून लावले असते.

सोबतीला सासूबाई होत्या. त्यांचे माहेर साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला. बोली अस्सल अहिराणी, इंग्रजीचा गंध नाही, पण वर्षानुवर्षे ‘क्राइम पेट्रोल’ पाहून हिंदी उत्तम झालेली. जिथे हिंदी आवाज असेल तिथे त्या स्वतः ऐकत. नसेल तिथे मला घडीघडी चित्र थांबवून पडद्यावर काय चालले आहे ते सांगावे लागे. या मालिका करणारी माणसे प्रत्येक भाग नेमका अशा जागी तोडतात, की पुढचा लावल्यावाचून हात राहत नाही. आमच्या घरात मात्र त्यांचा तो वेग वारंवार अडखळत होता. चित्र थांबले की माणसाला प्रश्न सुचतात, आणि सासूबाईंना प्रश्न फार सुचतात.

खऱ्या गुन्ह्यांची ओढ आपल्याकडे काही नवी नाही. महाराष्ट्र पोलिसांचे ‘दक्षता’ हे मासिक एसटी स्थानकावरच्या स्टॉलवरून उचलायचे आणि गाव येईपर्यंत वाचून संपवायचे, ही सवय आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांना होती. पुण्यात १९७६-७७ मध्ये झालेल्या जोशी-अभ्यंकर खुनांचा विषय तर आमच्या माहेरी, कोणी पुण्याला शिकायला निघाले की, अजूनही निघतो. पण त्या लेखनाची एक शिस्त असे. फिर्याद, पंचनामा, जबाब, मुद्देमाल, आरोपपत्र आणि निकाल अशा ठरलेल्या वाटेने गोष्ट जाई, आणि ती लिहिली जाई तेव्हा तपास संपलेला असे. वाचकाने ठरवायचे असे काही उरत नसे. आताच्या मालिकांनी हा क्रमच फिरवला आहे. निकाल लागलेला असला तरी तो शेवटपर्यंत झाकून ठेवायचा, नसेल तर उत्तमच, आणि मधल्या पाच-सहा तासांत प्रेक्षकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवायचे, ही त्यांची रीत आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अशी खुर्ची कोण सुखाची वाटते!

‘टायगर किंग’चेच पाहा. ही मालिका २० मार्च २०२० रोजी प्रदर्शित झाली आणि चारच दिवसांनी आपल्याकडे देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. जगातले बरेचसे लोक घरात कोंडले जात असतानाच ओक्लाहोमा राज्यातल्या विनवूड गावचा, स्वतःला जो एक्झॉटिक म्हणवणारा, वाघ-सिंहांचे खासगी संग्रहालय चालवणारा माणूस त्यांच्या घरात शिरला. फ्लोरिडात मोठ्या मार्जारांसाठी आश्रयस्थान चालवणाऱ्या कॅरोल बास्किन यांच्याशी त्याचे वैर होते. त्यांना मारण्याची सुपारी दिल्याबद्दल आणि प्राण्यांसंबंधीच्या कायद्यांच्या उल्लंघनाबद्दल तो दोषी ठरला होता, आणि मालिका येण्याआधीच, जानेवारी २०२० मध्ये, त्याला २२ वर्षांची शिक्षा झाली होती. म्हणजे गुन्हा कोणाचा, हे न्यायालयाने केव्हाच सांगून टाकले होते. सासूबाईंच्या माहेरच्या डोंगराळ पट्ट्यात आदिवासी वाघदेव पुजतात. त्यामुळे वाघाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजत फोटो काढून घेणारी गिऱ्हाइके पाहून त्यांनी आधी कपाळाला हात लावला. पण त्यानंतर त्यांचे लक्ष वाघांवरून उडाले, जो एक्झॉटिकवरूनही उडाले आणि एकाच गोष्टीवर खिळले. कॅरोल बास्किन यांचे आधीचे पती १९९७ मध्ये बेपत्ता झाले आणि २००२ मध्ये कायद्याने मृत ठरवले गेले, असे मी सांगितल्यापासून त्या दर भागाला विचारत राहिल्या, ‘‘ते सम्दं ठीक शे, पन तिना नवरा कोठे गया मंग?’’

हाच प्रश्न २०२० च्या त्या वसंतात लाखो लोकांनी विचारला होता, आणि विचारून थांबले नव्हते, उत्तरही देऊन टाकले होते. त्या बाईंवर गाणी झाली, नाच झाले, विनोदाची चित्रे फिरली. त्या बेपत्ता होण्याच्या प्रकरणात त्यांच्यावर कधीही आरोप ठेवला गेलेला नाही आणि त्यांनी असे सगळे म्हणणे फेटाळले आहे, ही गोष्ट त्या नाचगाण्यात कुठेच बसणारी नव्हती. सुपारी देणारा तुरुंगात बसून लोकांचा लाडका झाला आणि जिला मारण्याची सुपारी होती ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. कथा तशी रचलेली होती म्हणून हे घडले, असे माझे मत आहे. सासूबाईंनी मात्र प्रश्नच कायम ठेवला, उत्तर दिले नाही. ‘‘आपन काय देखाले गयथूत?’’ असे म्हणून त्या पानाचा डबा उघडत.

या मालिकांत संकलक नावाचा माणूस काय करू शकतो, हे मला ‘द जिंक्स’ पाहताना नीट कळले. न्यूयॉर्कच्या गडगंज जमीनमालकांच्या घराण्यातला रॉबर्ट डर्स्ट हा तिचा विषय. त्याची पत्नी १९८२ मध्ये बेपत्ता झाली, एका मैत्रिणीचा २००० मध्ये खून झाला, आणि २००१ मध्ये टेक्सासमध्ये मुक्या बाईचे सोंग घेऊन राहत असताना त्याने शेजाऱ्याच्या मृतदेहाचे तुकडे करून समुद्राच्या पाण्यात टाकले. शेजाऱ्याच्या मृत्यूच्या खटल्यात स्वसंरक्षणाचा बचाव मान्य होऊन तो सुटलाही. पुढे हा गृहस्थ आपण होऊन मुलाखत द्यायला आला. मालिकेच्या शेवटच्या भागात मुलाखत संपवून तो स्वच्छतागृहात जातो, कॉलरचा माइक सुरूच राहिलेला असतो, आणि त्याची स्वतःशीच चाललेली पुटपुट ऐकू येते: मी हे काय केले, सगळ्यांना मारून टाकले, अर्थातच. हा भाग २०१५ च्या मार्चमध्ये दाखवला गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याला अटक झाली होती. अंगावर काटा आणणारा प्रसंग आहे यात शंका नाही. पण २०१९ मध्ये न्यायालयात सादर झालेल्या मूळ उताऱ्यावरून असे दिसले, की ही दोन वाक्ये तो अशी लागून बोललाच नव्हता. मालिकेने त्यांची जागा बदलून ती एकमेकांना जोडली होती. डर्स्ट २०२१ मध्ये त्या मैत्रिणीच्या खुनाबद्दल दोषी ठरला, म्हणजे त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणायला जागा नाही. तरीही कबुलीजबाब वाटावा असा तो क्षण संकलकाच्या टेबलावर तयार झाला होता, हे विसरून मला ती मालिका पुन्हा पाहता येणार नाही.

‘द स्टेअरकेस’ची गोष्ट याहून वेगळी, आणि माझ्या मते या सगळ्यांत तीच सर्वांत चांगली. उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅम गावी डिसेंबर २००१ मध्ये मायकल पीटरसन या कादंबरीकाराची पत्नी जिन्याच्या पायथ्याशी रक्ताच्या थारोळ्यात मृत आढळली. पडली की मारली, या एका प्रश्नावर फ्रेंच दिग्दर्शक झाँ-झाविए द लेस्त्राद यांनी वर्षानुवर्षे कॅमेरा लावून ठेवला. पीटरसनला २००३ मध्ये जन्मठेप झाली. रक्ताच्या डागांबद्दल साक्ष देणाऱ्या तज्ज्ञानेच ज्यूरीची दिशाभूल केली होती असे दिसल्यामुळे २०११ मध्ये नव्याने खटला चालवण्याचा आदेश निघाला. आणि २०१७ मध्ये, गुन्हा कबूल न करता, पण आपल्याविरुद्ध पुरेसा पुरावा असल्याचे मान्य करून, त्याने प्रकरण मिटवले. वकिलांच्या खलबतांची, कागदांच्या ढिगांची, नुसते बसून राहण्याची कितीतरी दृश्ये या मालिकेत आहेत. रटाळ म्हणून लोक ती सोडून देतात. मला त्याच रटाळपणात सत्य शोधण्याच्या कामाचा खरा वेळ दिसला. या प्रकरणात एका शेजारी वकिलाने पुढे असाही तर्क मांडला, की त्या बाईंवर घुबडाने झडप घातली असावी, कारण त्यांच्या हातातल्या केसांत पिसाचा बारीक अंश सापडला होता. हे ऐकून सासूबाईंनी ‘‘घुबड कसाले मारी बायले?’’ असे विचारले खरे, पण रात्री अंगणातल्या निंबावर घुबड बोलले की काय होते याच्या त्यांच्या जवळच्या तीन कथा त्यांनी लगोलग सांगितल्या, त्यामुळे त्या कोणाच्या बाजूने होत्या हे मला अजून समजलेले नाही. एक मात्र नोंदवायला हवे. मालिकेच्या संकलिकेचे आणि पीटरसनचे पुढे काही वर्षे प्रेमसंबंध होते. याचा कामावर परिणाम झाला नाही, असे दिग्दर्शकाचे सांगणे आहे. असेलही, पण कात्री कोणाच्या हातात होती, हा प्रश्न इथेही आलाच.

‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ ही मालिका मराठी माणसाने पाहावी ती पुण्याच्या कोरेगाव पार्कातल्या आश्रमासाठी नव्हे. तो तिच्यात थोडाच आहे. रजनीशांच्या अनुयायांनी १९८१ मध्ये ओरेगॉन राज्यात विस्तीर्ण जमीन घेऊन रजनीशपुरम वसवले आणि शेजारच्या अँटिलोप या चिमुकल्या गावातल्या लोकांना भगव्या-तांबड्या कपड्यांतली ही हजारो परकी माणसे डोळ्यांत खुपू लागली. पुढे १९८४ मध्ये जवळच्या द डॅल्स या शहरात उपाहारगृहांतल्या सॅलडमधून ७५१ लोकांना साल्मोनेला या जिवाणूची बाधा झाली. संशय लगेच आश्रमावर गेला. पण आरोग्य खात्याच्या पहिल्या तपासात जाणूनबुजून केलेल्या विषप्रयोगाचा निष्कर्ष निघाला नाही. अन्न हाताळणाऱ्यांकडून बाधा झाली असावी असे म्हटले गेले. जवळजवळ वर्षभराने, स्वतः रजनीशांनीच आपल्या सचिव मा आनंद शीला यांच्यावर जाहीर आरोप केल्यावर, आश्रमाची झडती झाली आणि तिथल्या प्रयोगशाळेत त्याच प्रकारचे जिवाणू सापडले. म्हणजे संशय अखेर खरा निघाला. पण तो खरा आहे हे म्हणता यायला एक वर्ष, एक झडती आणि एक प्रयोगशाळा लागली. मालिकेत हे वर्ष काही मिनिटांत सरते, आणि प्रेक्षकाला वाटते, आपल्याला तर पहिल्याच भागात कळले होते.

हे ‘आपल्याला कळले होते’ प्रकरण कुठवर जाते, हेही एका मालिकेने दाखवले आहे. मांजरीची पिले मारतानाचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकणाऱ्या माणसाचा माग घरबसल्या काढणाऱ्या लोकांची ती गोष्ट आहे. खिडकीबाहेरचा दिवा, विजेच्या सॉकेटचा आकार, पांघरुणाची नक्षी यांवरून ते जगाचा नकाशा चाळतात, आणि शेवटी त्यांचा अंदाज भयंकर रीतीने खरा ठरतो. पण वाटेत त्यांच्या गटाने भलत्याच एका माणसाला धरले होते. त्याच्यावर शिव्या-धमक्यांचा भडिमार झाला, आणि त्याने पुढे आत्महत्या केली. मालिकेत ही हकिगत काही मिनिटांत आटोपते, कारण मुख्य शिकार अजून मोकळी असते.

मग आम्ही ‘हाउस ऑफ सीक्रेट्स’ लावली. दिल्लीच्या बुराडी भागात १ जुलै २०१८ च्या सकाळी एकाच कुटुंबातली ११ माणसे घरात मृत आढळली, त्यावरची ही तीन भागांची मालिका आहे. लीना यादव यांनी ती केली. या कुटुंबाचे दुकान सकाळी का उघडले नाही म्हणून शेजारी पाहायला जातो, आणि तिथून सगळे सुरू होते. वाहिन्यांनी त्या दिवसांत काय काय केले, तेही तिच्यात आहे. घराच्या भिंतीतून ११ पाइप बाहेर आलेले होते, त्यांपैकी ७ वाकडे आणि ४ सरळ, आणि मेलेल्यांत ७ स्त्रिया आणि ४ पुरुष. एवढ्यावर कितीतरी तास गेले. खरा उलगडा घरात सापडलेल्या ११ वह्यांमधून झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर धाकट्या मुलाच्या तोंडून वडील बोलतात असे घराने मानले, त्या आज्ञा वर्षानुवर्षे लिहून ठेवल्या गेल्या आणि पाळल्या गेल्या. त्या रात्रीचा विधी मरण्यासाठी नव्हता. आपण वाचू, अशी त्यांची समजूत होती, आणि मृत्यूनंतरच्या मानसशास्त्रीय तपासणीचाही निष्कर्ष आत्महत्येऐवजी अपघाताकडे झुकला. सासूबाईंनी ही मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदीतच ऐकली, त्यामुळे मला थांबवावे लागले नाही. त्याच थांबवत होत्या. ‘‘अकरा मानसं, आनि शेजारनास्ले काहीच म्हाईत नही?’’ एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर वाटीभर साखर जाते तिथे घरात कोण कोणाशी अबोला धरून आहे हेही जाते, अशा गल्लीत त्यांचा जन्म गेला. त्यांना अंधश्रद्धेचे नवल वाटले नाही, तोंडाला लागलेल्या कुलपाचे वाटले.

मी तारखेपाशी अडकले. १ जुलै २०१८, रविवार. त्या दिवसाची आठवण आमच्या घरात बुराडीची नाही. त्याच रविवारी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे पाच जण तिथे एसटीतून उतरले. त्यांतले बहुतेक दूर सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी ओरड झाली, जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि तिथेच ठेचून मारले गेले. ज्यांच्याकडे मोबाइल होते त्यांनी चित्रण केले. राईनपाडा सासूबाईंच्या माहेरापासून फार लांब नाही; संध्याकाळी भाच्याचा फोन आला तेव्हा त्या बराच वेळ नुसत्या ‘हां, हां’ म्हणत होत्या.

बुराडीत अकरा माणसांचे काय चालले आहे हे कोणालाच दिसले नाही, आणि राईनपाड्यात पाच माणसांचे काय झाले हे सगळ्या बाजाराने पाहिले. पहिल्या घटनेवर जगभर पाहिली जाणारी मालिका झाली. दुसरीची तशी मालिका माझ्या पाहण्यात नाही, आणि मला त्याचे कारण कळते. तिच्यात रहस्य नाही. कोणी काय केले ते चित्रणात आहे, का केले ते साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होते. त्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या पालकांच्या गटावरही असेच संदेश येत होते. फाटकापाशी अनोळखी कोणी उभा दिसला की पालक लगेच फोटो काढत. त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकात गल्लीत खेळणाऱ्या मुलांतल्या एकाला मोटरसायकलवरचे दोघे उचलून पळवताना दिसत. तो मुळात कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती व्हावी म्हणून केलेला छोटा चित्रपट होता. मूळ चित्रपटात ते दोघे लगेच परत येतात, मुलाला सोडतात आणि इशारा देणारा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापला. डर्स्टची दोन वाक्ये जोडायला एक कसबी संकलक लागला; इथे मागची काही सेकंदे काढून टाकली, एवढेच काम होते. त्या जुलैतच व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

या दोन गोष्टींत मी एकच ओळ ओढते आहे, हे जरा ओढूनताणून होते आहे असे कोणाला वाटेल. पडद्यावरच्या खुनाचा निवाडा करणारी, पाय उशीवर ठेवलेली बाई कोणाच्या अंगावर हात टाकत नाही, हे मान्य आहे. पण संशय आणि सिद्धता यांच्यामध्ये जो कंटाळवाणा वेळ असतो, तो कापला की गोष्ट रंगते, हे दोन्हीकडे सारखेच आहे. ओरेगॉनमध्ये तो एक वर्षाचा होता, डरहॅममध्ये सोळा वर्षांनीही पुरा पडला नाही. बाजारात त्याला काही मिनिटेही मिळाली नाहीत. सासूबाईंना मी हे असे काही सांगितले नाही. तारीख तेवढी सांगितली. त्या म्हणाल्या, ‘‘त्यास्ले कोन्ही इचारं का, तुम्ही कोठला शेतस?’’

राईनपाड्यावर कधी मालिका झालीच, तर ते मोबाइलवरचे चित्रण तिच्यात एकदाही दाखवले जाऊ नये, असे मला वाटते. पहिला भाग मंगळवेढ्याकडून निघावा: भिक्षेच्या फिरस्तीची वाट, एसटीची तिकिटे, कोणत्या गावी मुक्काम, कोणत्या गावी ओळख. दुसरा भाग पूर्णपणे एसटीतून उतरण्यापासून त्या खोलीपर्यंतच्या वेळाचा असावा, सावकाश, एकेका माणसाला वेगळे विचारत: पहिली हाक कोणी ऐकली, कोणी उत्तर ऐकून घेतले, खोलीकडे नेण्याचे कोणाला सुचले आणि कशासाठी. त्या मुलाखती कोकणी, मावची, भिली आणि अहिराणी अशा चार बोलींत होतील, आणि त्यांतली अहिराणी सोडली तर मला धड काही कळणार नाही. सासूबाईंना बाजारामुळे सगळ्याच थोड्याफार समजतात. तेव्हा चित्र थांबवून सांगायचे काम त्यांच्याकडे जाईल.